लोखंडेंची पाचवी मागणी

२०२२ सालची गोष्ट आहे. आपल्याच वस्तीतला एक पंचवीस वर्षांचा तरुण आईला सोबत घेऊन आमच्या कार्यालयात आला. सात-आठ कामगारांच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो पॉवर प्रेस चालवत होता. प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती. मालकाने इस्पितळाचे पहिले बिल भरले, वीस हजार रुपये हातावर ठेवले आणि एका स्टॅम्प पेपरवर सही घेतली. अपघात कामगाराच्या स्वतःच्या चुकीने झाला असून यापुढे त्याची कसलीही मागणी नाही, असे त्या कागदावर लिहिले होते. त्या तरुणाने डाव्या हाताने सही केली होती, कारण उजव्या हाताने करणे शक्यच नव्हते.

आम्ही त्याच्यासमोरच हिशेब मांडला. पगार दहा हजार. कायद्याप्रमाणे त्याचे साठ टक्के म्हणजे सहा हजार. पंचवीस वर्षे वयाचा गुणक २१६.९१. एका हाताची चार बोटे गेली तर कमाईची ताकद ५० टक्के गेली, असे कायद्याची अनुसूची सांगते. गुणाकार केला तर रक्कम येते ६,५०,७३० रुपये. हातावर टेकवले होते वीस हजार. त्याची आई त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. एवढे पैसे कायद्यात आहेत हे आम्हाला कोणीच कसे सांगितले नाही, असे तिने विचारले. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर नव्हते म्हणूनच हा लेख लिहितो आहोत. कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई मिळाली पाहिजे हा विचार कोणा साहेबाच्या डोक्यातून आला नाही. तो कोणा मालकाच्या दयेतूनही आला नाही. या देशात ही मागणी गिरणी कामगारांच्या तोंडून प्रथम वदवून घेतली ती महात्मा फुल्यांच्या एका सत्यशोधक कार्यकर्त्याने. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १ मे रोजी लाल झेंडे लावणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव आठवते, हा प्रश्न आम्ही येथे विचारत नाही. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे, एवढेच विचारतो.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला, एका गरीब फुलमाळी कुटुंबातला. त्याच साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा उघडली. लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या काळात बहुजनांच्या घरात एवढे शिक्षण म्हणजे मोठीच मजल होती. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईच्या मांडवीतील गिरणीत स्टोअरकीपर झाले. याच नोकरीने त्यांचे आयुष्य बदलले. स्टोअरकीपर हा ना साहेब, ना साच्यावरचा कामगार. त्याला दोन्ही बाजू दिसतात. गिरणीचा माल जपून, मोजून, कुलपात ठेवला जातो आणि गिरणीतला माणूस मात्र मोजलाही जात नाही, हे त्यांनी रोज उघड्या डोळ्यांनी पाहिले.

त्या वेळची गिरणी कशी होती, हे आजच्या वाचकाने समजून घेतले पाहिजे. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे दिवस उजाडला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची सुट्टी नव्हती. पगाराची तारीख ठरलेली नव्हती. पट्टे आणि चाके उघडी फिरत. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले. पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यालाच लागू होता. प्रौढ कामगाराच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. कुंपण नसल्यामुळे एखाद्याचा हात गेला तर त्या हाताचे काय करायचे, हेही त्यात नव्हते.

त्याआधीच, १८८० साली, लोखंडेंनी दीनबंधु हाती घेतले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले हे सत्यशोधकांचे पत्र आर्थिक ओढाताणीत बंद पडले होते. लोखंडेंनी ते मुंबईहून पुन्हा काढले. शेटजी-भटजींची वर्तमानपत्रे गिरणी मालकांची बाजू मांडत होती. देशी उद्योग बुडेल, मँचेस्टरवाल्यांचे फावेल, म्हणून कामगार कायदाच नको, असे त्यांचे म्हणणे होते. देशी उद्योगाचे रक्षण देशी कामगाराच्या रक्तमांसावर का करायचे, हा सवाल दीनबंधुने उभा केला. आज आम्ही ज्या पानावर लिहितो आहोत, त्या प्रकारच्या पत्रकारितेची पायवाट लोखंडेंनी अशी घालून दिली आहे.

मग १८८४ साल उजाडले. मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, साहेब बोलणार, मग कामगाराच्या वतीने कोण बोलणार? लोखंडेंनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ-भायखळा भागात कामगारांच्या सभा घेतल्या. याच वेळी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचे निवेदन तयार झाले. त्यात मागण्या पाच होत्या. पहिली, रविवारी पूर्ण सुट्टी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. चौथी, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी, गिरणीत काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा पांगळा झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य सोय करावी.

वाचकांनी ही पाचवी मागणी पुन्हा एकदा वाचावी, अशी आमची विनंती आहे. तिच्यात चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा, अशी अट नाही. इजा काम करताना झाली एवढे पुरे, असा तिचा अर्थ आहे. आम्ही वकील आहोत म्हणून सांगतो, त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने ही क्रांतिकारक मागणी होती. १८५५ सालच्या प्राणघातक अपघात कायद्याखाली मृताच्या वारसांना दावा करता येत असे, पण समोरच्याची चूक सिद्ध करावी लागे. इंग्रजी न्यायालयांनी तर मालकांच्या हातात तयार ढाली दिल्या होत्या. धोका ठाऊक असून काम पत्करले, म्हणून भरपाई नाही. सोबतच्या कामगाराच्या चुकीने अपघात झाला, म्हणून मालक जबाबदार नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही, ज्याच्याजवळ वकिलाची फी नाही, त्याने हे सारे भेदून दावा जिंकावा, अशी ती न्यायव्यवस्था होती.

आणखी एक योगायोग पाहा. याच १८८४ साली, जुलै महिन्यात, जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये चूक न पाहता भरपाई देणारा कायदा व्हायला १८९७ साल उजाडले. म्हणजे जी गोष्ट खुद्द राज्यकर्त्यांच्या देशात तेरा वर्षांनी आली, ती परळच्या अर्धपोटी कामगारांनी १८८४ साली मागितली होती. अडाणी म्हणून हिणवली गेलेली ही माणसे काळाच्या मागे नव्हती. ती पुढेच होती.

लोखंडे एका निवेदनावर थांबले नाहीत. १८८९ साली पुन्हा सह्या गोळा झाल्या, पुन्हा अर्ज गेले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. बाईने घराबाहेर बोलणे हेच पाप मानले जाई, त्या काळात गिरणीतली बाई हजारो पुरुषांसमोर उभी राहिली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाला रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज रविवारी जो तो घरी आराम करतो, त्या आरामामागे लोखंडे आहेत. त्याच साली सरकारने नेमलेल्या कारखाना कामगार आयोगावर मुंबईसाठी लोखंडेंची सहयोगी सभासद म्हणून नेमणूक झाली आणि पुढे १८९१ चा कारखाना कायदा आला. त्यात आठवड्याची सुट्टी आली, मधली विश्रांती आली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आले.

पण पाचवी मागणी आली नाही.

काही विद्वान म्हणतात की, लोखंडेंची संघटना ही खरी कामगार संघटनाच नव्हती. तिची सभासद नोंदणी नव्हती, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. हे खरे आहे. तत्कालीन सरकारी अहवालातही अशीच नोंद आहे. पण ज्या माणसाला पगार कधी मिळेल हे ठाऊक नाही, त्याने वर्गणी कुठून द्यायची? कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा या देशात १९२६ साली झाला. त्याच्या बेचाळीस वर्षे आधी पावतीपुस्तक नव्हते, म्हणून चळवळच नव्हती, असे ठरवणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे. हाच निकष तुम्ही तुमच्या आवडत्या पुढाऱ्यांना लावता काय?

लोखंडे केवळ गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करायचे नाही, असा निर्धार मुंबईच्या न्हावी बांधवांनी १८९० साली केला, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल उसळली, तेव्हा कामगारांच्या वस्त्यांतून फिरून त्यांनी सलोख्याचे काम केले आणि राणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या कामगारांना एकत्र आणले. सरकारने त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ द पीस केले. पदव्या मिळाल्यावर अनेक जण बंगल्यात जाऊन बसतात. लोखंडे मुंबईत प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या सेवेत उतरले. त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. एका महिन्याने, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाईही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. सत्यशोधकांनी दुसऱ्यांना मरायला पुढे केले नाही, ते स्वतः पुढे गेले.

आता त्या पाच मागण्यांचा हिशेब करू. सुट्टी आणि विश्रांती १८९१ च्या कायद्यात आली. गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या तासांना पहिली मर्यादा १९११ साली पडली, तीही बारा तासांची. वेळेवर पगाराचा कायदा १९३६ साली झाला. आणि पाचवी मागणी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात उतरली, जो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून चाळीस वर्षे! त्या चाळीस वर्षांत किती हात गेले, किती पाय गेले, किती बायका पदरात मुले घेऊन गावाकडे परतल्या, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आणि जे आले तेही अर्धेच आले. लोखंडेंनी बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. कायद्याने काय दिले? तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या पंचवीस टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, तोही जास्तीत जास्त पाच वर्षे. इजा तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली तरच. २०१० पासून या कायद्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. नावे बदलली, पाट्या बदलल्या, पंचवीस टक्के मात्र तसेच राहिले.

पाचव्या मागणीच्या सर्वात जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण अटळ आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकरांकडे सोपवण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. या योजनेत कामावर जखमी झालेल्याला पगाराच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो आणि कायमचा अपंग झाला तर आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. लोखंडेंनी मागितलेली उपजीविकेची सोय ती हीच. फुल्यांच्या शिष्याने मांडलेला विचार फुल्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांच्या खात्यातून पुढे गेला, हा इतिहास आपल्या पोरांना कोण सांगणार?

बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती विसरून चालणार नाही. गिरणीतही जात होती. धोट्यात सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या साचेखात्यात येऊ दिले जात नव्हते. त्याची जागा कमी पगाराच्या खात्यात. भरपाई पगारावर ठरते. ज्याचा पगार जातीने कमी केला, त्याच्या तुटलेल्या हाताची किंमतही जातीनेच कमी झाली. आज गिरण्या गेल्या, पण हे गणित गेले नाही. गटारात कोण उतरतो ते पाहा. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक सफाई कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली, कायमच्या अपंगत्वासाठी किमान वीस लाख ठरवले. आदेश आहेत. पण मेलेला माणूस आमचा नव्हताच, ठेकेदाराचा होता, असे सांगणारेही जागोजागी आहेत.

भरपाईचे वाद नेहमी याच मुद्द्यावर अडतात. तो आमचा कामगार नव्हता. अपघात कामावर झाला नाही. चूक त्याचीच होती. २००३ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जात असताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात ठार झाला. भरपाई आयुक्तांनी २००९ साली सव्वातीन लाखांच्या वर रक्कम व्याजासह मंजूर केली. उच्च न्यायालयाने २०११ साली ती रद्द केली, कारण तो अजून कामावर पोहोचला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ती परत दिली. कामाशी संबंध जुळत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही कामाचाच भाग धरला जाईल, असा निवाडा झाला. निकाल चांगला आहे. पण त्याला बावीस वर्षे लागली. या बावीस वर्षांत त्या घरातली लेकरे मोठी होऊन गेली असतील.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, काही गोष्टी पाठ करून ठेवा. अपघात झाला की मालकाला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. इस्पितळाच्या केसपेपरवर इजा कामावर झाली हे नोंदवून घ्या. हजेरी, पगाराची नोंद, ओळखपत्र, सोबत्यांचे जबाब, जे मिळेल ते जपा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसतो. ठेकेदाराचा कामगार असला तरी मूळ मालक जबाबदारीतून सुटत नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच भरावी लागते, परस्पर हातावर ठेवलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. आणि हक्क सोडून देणारा करार कायद्याने शून्य आहे, मग तो कितीही मोठ्या स्टॅम्प पेपरवर असो.

त्या तरुणाचा स्टॅम्प पेपरही असाच शून्य ठरला. मालकाने तो आपल्या मस्टरवर नाही असे सांगितले. शेवटी मोबाईलमधले पगाराचे संदेश आणि दोन सोबत्यांची साक्ष कामी आली. त्यांपैकी एकाला साक्षीनंतर काम सोडावे लागले. निकाल लागायला अडीच वर्षे गेली. रक्कम व्याजासह मिळाली. पण मधल्या अडीच वर्षांत आई चार घरची धुणीभांडी करत होती आणि बहिणीचे कॉलेज सुटले ते सुटलेच. बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, असे लोखंडेंनी का मागितले होते, ते आम्हाला पुस्तकात नव्हे, त्या घरात कळले.

भारत सरकारने २००५ साली लोखंडेंचे टपाल तिकीट काढले. परळच्या कामगार अभ्यास संस्थेला त्यांचे नाव आहे. हे योग्यच झाले. पण तिकिटाने आणि पाटीने पाचवी मागणी पुरी होत नाही. दरवर्षी ९ फेब्रुवारी येते आणि जाते. येत्या ९ फेब्रुवारीला प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक नाक्यावर नुसता हार घालू नका. एक टेबल मांडा, एक वही ठेवा आणि आपल्या वस्तीत कामावर जखमी झालेला, गप्प बसवलेला प्रत्येक माणूस शोधून त्याचे नाव त्या वहीत लिहा. १८८४ साली साडेपाच हजार सह्या अशाच एकेक करून जमल्या होत्या.

जय जोती, जय भीम!